घर आलं, उतरा

हिंगोलीहून औंढ्याकडे निघालं की एक मोठा उघडा माळ लागतो. तिथं आता हळद वाळत असते. शिजवलेली हळद पसरायला डांबरासारखी जागा नाही, आणि इतकं रुंद, इतकं सरळ डांबर आमच्या जिल्ह्यात दुसरीकडे मिळायचं नाही. बायका डोक्याला फडकी बांधून फावड्यानं हळद खालीवर करत असतात. ही धावपट्टी आहे, इथून विमानं उडायची, हे त्यांच्यातल्या तरुण पोरींना सांगितलं तर त्या तोंडाला पदर लावून हसतात.

मी तिथं तिकिटाच्या खिडकीवर बसत होते. कंपनीचं नाव कयाधू एअर. नऊ प्रवाशांचं एक विमान होतं आणि दुसरं त्याहून लहान, ते बहुतेक वेळ पोट उघडून दुरुस्तीला पडलेलं असायचं. आठवड्यातून काही दिवस हैदराबाद, काही दिवस मुंबई. निवडणुका आल्या की पुढारी, लग्नसराईत हळदीचे व्यापारी. एरवी कंपनीचं पोट भरायचं ते आजारी माणसांवर. अत्यवस्थ माणसाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पोचवायचं, आणि तिथं काही झालं तर त्याला परत आणायचं. जाहिरातीत आम्ही पहिलीच गोष्ट लिहायचो.

आता माझं हिंगोलीत फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, बरं चाललं आहे. पण त्या रस्त्यानं जाताना वारा सुटलेला असला की मी स्कूटीचा वेग वाढवते. मला भोंग्याचा आवाज ऐकू येतो. भोंगा केव्हाच भंगारात गेला आणि भोंग्यावर बोलणारे लिंबाजीमामाही गेले. तरी येतो.

लिंबाजीमामा कुरुंद्याचे. जन्मभर एसटीच्या हिंगोली आगारात नोकरी, शेवटी वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. कंपनीला माळावरचं सगळं सांभाळणारा माणूस हवा होता, आणि मामांना घरात बसवत नव्हतं. विमानाबद्दल त्यांना काडीची माहिती नव्हती, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. पांढरा सदरा, डोक्यावर कंपनीची निळी टोपी, सदऱ्याच्या खिशात बुद्धवंदनेचं लहानसं पुस्तक आणि पँटच्या खिशात एक पक्कड. पक्कड कशाला, हे मला फार उशिरा कळलं.

विमानाला ते शेवटपर्यंत गाडी म्हणाले. गाडी लागली, गाडी सुटली, गाडी लेट आहे. भोंग्यावर मात्र त्यांची भाषा एकदम आगारातली व्हायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. हिंगोलीहून हैदराबादकडे जाणारी गाडी धावपट्टीवर लागलेली आहे. प्रवाशांनी रांगेने चढावे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये." समोर पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले असायचे सहा-सात जण, हाक मारली तरी ऐकू जाईल इतक्या अंतरावर. मी एकदा म्हटलं, मामा, एवढ्यासाठी भोंगा कशाला?

"बाई, एखादा रस्त्यात असंल," ते म्हणाले. "त्याला ऐकू गेलं तर पळत येईल."

लहान विमानात माणसांचंही वजन करावं लागतं. कंपनीनं त्यासाठी मोंढ्यातून जुना वजनकाटा आणला होता, ज्याच्यावर हळदीची पोती मोजली जायची. मामांनी पहिल्याच दिवशी त्याची तबकडी भिंतीकडे फिरवली. आकडा फक्त त्यांना दिसायचा आणि ते तो कॅप्टनच्या कानात सांगायचे. एकदा जवळा बाजारच्या एक आजी लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघाल्या होत्या. पिशव्यांत डिंकाचे लाडू, ज्वारीचं पीठ, तूप, सुंठ, जुन्या लुगड्यांची धुवून ठेवलेली फडकी. वजन जास्त भरलं. त्याच फेरीला एक कंत्राटदार होते, चांगले भरभक्कम, आणि सोबत पुढाऱ्याला द्यायची भलीमोठी समई. मामा त्यांच्याजवळ गेले आणि हळूच काही बोलले. समई मागं राहिली, लाडू गेले. कंत्राटदार चढतानाही हसतमुख होते.

"काय सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"म्हणलं, साहेब, तुमचं वजन मी कोनाला सांगनार न्हाई. समई तेवढी राहू द्या."

असा माणूस. धावपट्टीवर रोही, म्हणजे नीलगाई, आले की जीप घेऊन त्यांच्यामागं धावायचे आणि हॉर्न वाजवत ओरडायचे, "सरका मालक, गाडी येऊन राहिली." रोह्यांनाही अहो-जाहो. वयानं, जातीनं, पैशानं कोणी कुठलाही असो, मामांच्या तोंडून एकेरी शब्द मी ऐकला नाही. मेलेल्यांनाही ते अहो-जाहोच करत.

पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा वसमतकडचे एक शिक्षक मुंबईहून परत आले होते. जाताना आमच्याच विमानानं गेले होते, मला खिडकीतून हात करून. येताना लाकडी पेटीत. पेटीच्या कडीला तारेनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, वर छापलेलं "माल", खाली हातानं लिहिलेलं नाव. मामा विमानात चढले, टोपी काढली आणि पेटीशी वाकून एसटीच्या वाहकानं झोपलेल्या प्रवाशाला उठवावं तशा आवाजात म्हणाले, "गुरुजी, घर आलं. उतरा." मग खिशातून पक्कड काढली, तार तोडली आणि चिठ्ठी स्वतःच्या खिशात घातली. संध्याकाळी फाटकाजवळच्या चहावाल्या बाईच्या चुलीत ती गेली.

मला ते नियमात बसतं का, अशी शंका आली. मी तोंडाळ, बोलून दाखवली.

"चिठ्ठी पोत्याला बांधतेत, बाई. माणसाला बांधत नसतेत," ते म्हणाले. "माय येते, बायको येते, पहिल्यांदा हात लावते ती त्या चिठ्ठीला. माल म्हणून वाचायचं का तिनं?"

"पण नाव असतं ना त्याच्यावर."

"नाव मला म्हाईत हाय की. मी हाय ना इथं."

त्यानंतर जितक्या पेट्या आल्या तितक्यांना त्यांनी नावानं हाक मारून उतरवलं. म्हातारे, बायका, एकदा एक अगदी लहान लेकरू. त्याची पेटी ते दोन्ही हातांवर घेऊन स्वतः खाली आले आणि त्यालाही उतरा म्हणाले. मी काचेआडून पाहत होते. त्या दिवशी मी एकही तिकीट धड लिहिलं नाही.

पेटी नेहमी एकच यायची. आमचं विमानच तेवढं. म्हणून मामांच्या त्या पद्धतीत काही धोका आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

मग तो उन्हाळा आला. दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात आपल्याकडची दोन पोरं गेली. जवळा बाजारच्या पुढचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. दोघं एका वर्गातले, एकाच खोलीत राहणारे, एकाच पाळीला जाणारे. माधव वरच्या आळीतला, शेतकऱ्याघरचा. राहुल खालच्या वस्तीतला, बौद्धांच्या गल्लीतला. कारखान्यानं विमानाचे पैसे भरले आणि खुर्च्या काढून दोन पेट्या एकाच फेरीला आल्या. पेट्या तिकडच्या दवाखान्यात खिळे ठोकून बंद केल्या होत्या आणि उघडू नका असं बजावलं होतं. उघडून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मामा चढले. टोपी काढली. एका पेटीवरची चिठ्ठी वाचली, "राहुलराव, घर आलं, उतरा" म्हणाले, तार तोडली. दुसरीवरची वाचली, "माधवराव, घर आलं, उतरा" म्हणाले, तार तोडली. दोन्ही चिठ्ठ्या खिशात. पेट्यांवर नावं लिहिलेली असतील असं त्यांना वाटलं होतं. नव्हती. एवढ्यात पट्टीवर रोह्यांचा कळप आला आणि एका पुढाऱ्याचं विमान वर घिरट्या घालायला लागलं. मामा जीपकडे पळाले. पळताना हमालांना सांगून गेले, उजवीकडं माधव, डावीकडं राहुल, तशाच शेडमध्ये ठेवा.

शेडला दोन दारं होती, समोरासमोर. हमालांनी एक पेटी एका दारानं आणली, दुसरी दुसऱ्या दारानं. मामा परत आले तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी होत्या. त्यांनी विचारलं, बराबर ठेवल्या का? हमाल म्हणाले, बराबर, उजवीकडची उजवीकडंच. कुठल्या दारातून पाहिलं तर उजवीकडची, हा प्रश्न मामांना पडला तेव्हा माधवची आई गयाबाई एका पेटीवर पडून रडत होती आणि राहुलची आई शांताबाई दुसरीवर. मागं फाटकाशी दोन टेम्पो, दोन्हीकडचे पुरुष, सगळं गाव.

मी खिडकीतून पाहत होते ते एवढंच, की मामा शेडच्या मधोमध उभे आहेत आणि त्यांचा हात अर्धा वर गेला आहे. काही सांगायला वर करतात तसा. तो हात तसाच राहिला. टेम्पो निघून गेले तरी मामा तिथंच होते, आणि मला वाटलं ऊन लागलं असेल, म्हणून मी पाणी नेऊन दिलं.

त्या दिवसापासून मामांच्या खिशातली पक्कड गेली. पेट्या नंतरही आल्या, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. मामा टोपी काढून उभे राहायचे, पण नाव घेऊन हाक मारायचे नाहीत. भोंग्यावरही नुसतं "हैदराबाद, चला" एवढंच. मी थट्टा केली, मामा, रुमाल टाकू द्यायचा का आता? ते हसले नाहीत. माळ तोच, शेड तीच, पण मामा कुठंतरी निघून गेल्यासारखे वागायचे. बसल्या बसल्या उजवा हात पाहायचे, मग डावा.

कंपनी बंद पडली ती आपोआप, आजारी माणूस हळूहळू जेवण सोडतो तशी. आधी मुंबईची फेरी गेली, मग हैदराबादची, मग दोन्ही विमानं कोणीतरी घेऊन गेलं. शेवटच्या दिवशी आम्ही दोघं चाकांच्या रिकाम्या शिडीवर बसलो होतो. शिडी कशालाच लावलेली नव्हती. तेव्हा मामांनी मला सगळं सांगितलं.

"बराबर दिले का उलटे दिले, मला म्हाईत न्हाई, बाई. तेच तर. उलटे दिले असं म्हाईत असतं तर पाय धरले असते."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? उघडा म्हणलो असतो तर आत काय दिसलं असतं त्या मायांना? आन् मी कोण, कोणत्या गल्लीतला, हे तिथल्या प्रत्येकाला म्हाईत. वरच्या आळीचा पोरगा खालच्या मसनात जळाला, आन् ते करणारा मी. गाव पेटलं असतं."

हे खरंच होतं, आणि ते मला पटलं याचाही मला राग आला.

दोघांचा स्मृतिदिन एकच. मामा दर वर्षी त्या गावी जायचे, दोन्ही घरी. सकाळी शांताबाईकडे. तिथं वंदना, पंचशील, राहुलच्या फोटोसमोर मेणबत्ती. निघताना शांताबाई हातात एक डबा द्यायची, "वर गयाबाईला द्या" म्हणून. मग दुपारी गयाबाईकडे, तिथं वर्षश्राद्ध. तिथून निघताना गयाबाई एक डबा द्यायची, "खाली शांताबाईला द्या." मामांना या गोष्टीचं फार कौतुक. पोरं मैतर होती, आता मायांनी ते चालवलं, असं म्हणायचे. वरच्या आळीत खालच्या गल्लीचा डबा जातो आणि खाल्ला जातो, हे त्यांच्या लहानपणी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

"पण बाई, गयाबाई भोळ्या हायेत," ते म्हणाले. "शांताबाई शेंगोळे देतेत. लसणाचे, झणझणीत. ह्या ते श्राद्धाच्या पानावर वाढतेत. मी म्हणलो न्हाई काही."

आणि मग खाली पाहत त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की काय ते कळेना. गयाबाईचा थोरला मुलगा पान घेऊन गच्चीवर ठेवायचा, आणि मामा कावळ्याची वाट पाहत बसायचे. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. श्राद्ध न मानणारा, लेकीच्या लग्नात मुहूर्तही न पाहिलेला.

"मानत न्हाई मी," ते म्हणाले. "पण बघतो. कावळा आला की वाटतं, बराबर दिलं आसंल. मंग घरी आल्यावर वाटतं, कावळ्याला काय कळतं. त्याला भूक लागली, तो आला."

"येतो का?"

"दर वर्षी. लगेच."

त्यानंतरच्या वर्षी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं होतं, ते काय हे त्यांनी मला सांगितलं नाही. "बाई, या वर्षी सांगून टाकतो. तुमी सोबत चला. मला सुरुवात करता येत न्हाई. तुमी शेजारी असल्या तर जमंल." मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांना स्कूटीवर मागं बसवून निघाले. डोक्यावर निळी टोपी होती, ती उडू नये म्हणून एका हातानं धरलेली. माळाजवळून जाताना हळद वाळत होती. मामांनी तिकडे पाहिलं नाही.

शांताबाईकडे त्यांनी काही सांगितलं नाही. दोनदा घसा खाकरला आणि दोनदा पाणी मागितलं. राहुलच्या बापाकडे पाहिलं आणि टोपी घातली. डबा घेऊन आम्ही ओढा ओलांडून वर गेलो.

गयाबाई बारीक, उंच बाई, बोलणं कमी. पान तयार होतं. तिनं डबा उघडला, शेंगोळे पानावर वाढले, आणि मुलानं पान गच्चीवर नेलं. मामा ओट्यावर बसून वर पाहत होते. मीही पाहत होते. कावळा आला. मामांनी डोळे मिटून घेतले. मुलगा जेवला आणि शेतात पाणी द्यायला गेला. सून मागं भांडी घासत होती.

"गयाबाई," मामा म्हणाले, "मला तुमाला एक सांगायचं हाय. त्या दिवशी माळावर…"

"मामा, डबा घ्या," ती म्हणाली. भरलेला डबा तिनं त्यांच्यापुढं ठेवला. "धपाटे हायेत. गार झाले तर त्याला चालत न्हाईत. तिकडं वाट बघून राहिला आसंल."

"कोण?"

"माधव."

मामांचा हात अर्धा वर गेला, तसाच, शेडमधल्यासारखा. मागं भांड्यांचा आवाज चालू होता. गयाबाई उठली, मधलं दार लोटून आली आणि समोर बसली.

"गाडीवरून पडला व्हता तो औंढ्याच्या रस्त्याला," ती हळू बोलायला लागली. "मांडीत सळई बसवली. थंडीत दुखायची, सगळ्या गावाला म्हाईत. आमच्या इथं राख सावडली, तिच्यात सळई न्हाई. थोरला म्हणला, डॉक्टरनं काढली आसंल. मी म्हणलं आसंल. त्याच सांजेला शांताबाई आली मागच्या दारानं. पदराखाली सळई. तिच्या राखंत सापडली."

मामांनी डबा जवळ ओढला.

"आमी दोघी गोठ्यात बसलो. लई वेळ. तिच्या पोराला माझ्या पोरानं अग्नी दिला, माझ्या पोरापाशी तिच्या लोकांनी वंदना म्हणली. आता बोलून काय व्हनार? पुरुषांच्या कानावर गेलं तर दोन्हीकडं आणखी लेकरं हायेत. तवा ठरवलं, हे आपल्या दोघीत राहील. ती तिच्या पोराला आवडायचं ते माझ्याकडं पाठवती, मी माझ्या पोराचं तिच्याकडं. ती ते मसनापाशी नेऊन लेकरांना वाटती, त्याच्या नावानं."

म्हणजे दर वर्षी मामा तो निरोप दोन्ही हातांनी पोचवत होते आणि त्यांनाच तो माहीत नव्हता. मला रडू आलं. मी ओट्याच्या कडेला सरकले आणि चपला नीट लावायच्या निमित्तानं वाकले.

"म्हणजे मी उलटेच दिले," मामा म्हणाले.

"उलटेच दिले," गयाबाई म्हणाली. तिनं ते जराही मऊ केलं नाही. "लई दिवस राग व्हता तुमच्यावर. खोटं कशाला सांगू."

"मंग मला काहून सांगितलं न्हाई? इतकी वर्सं मी इथं बसून कावळा बघितला, बाई."

"बघत व्हते ते दिसत व्हतं मला." तिनं पदर सारखा केला. "पहिल्या वर्षी बोलनारच व्हते. पन तुमी आले, बसले, न् माधवराव म्हणले. माझ्या लेकराला राव कोनी म्हणलं न्हाई कधी. हमाल सांगत व्हते, त्याला शेवटी नावानं हाक मारली ती तुमी. तुमी दारात आले की वाटतं, आत्ताच उतरला. सांगितलं असतं तर तुमी पुन्हा आले असते का?"

मामांनी मान हलवली. नसते आले.

"आन् डबा कोन नेला असता? या घरातून त्या गल्लीत जानारं दुसरं कोन हाय?"

मामांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. वंदनेच्या पुस्तकात दोन चिठ्ठ्या होत्या, मऊ पडलेल्या, दोन नावांच्या. त्या चुलीत घालायचं त्यांच्या हातून झालं नव्हतं. त्यांनी त्या गयाबाईपुढं ठेवल्या. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या उचलल्या, मागच्या दारानं चुलीकडे गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

आम्ही निघालो. ओढ्यापाशी मामा म्हणाले, "बाई, तुमी जा आता. मी हितनं चालत जातो, नंतर बसनं येतो." मी नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. मी स्कूटी वळवून उभी राहिले, ते दिसेनासे होईपर्यंत पाहायला.

ओढ्याच्या खालच्या अंगाला बौद्धांचा मसनवाटा. नुसता खडकाळ तुकडा आणि एक कडुनिंब. वरच्या अंगाला गावाची स्मशानभूमी, तिच्यावर पत्र्याचं छप्पर. मामा कडुनिंबापाशी थांबले. डबा काखेत धरला आणि टोपी काढली. किती तरी वर्षांनी मी तो आवाज ऐकला. मोठा नव्हता, पण मला स्पष्ट ऐकू आला.

"माधवराव, घर आलं. उतरा."

मग ते पत्र्याच्या छपराकडे वळले.

"राहुलराव, घर आलं. उतरा."

थोडा वेळ ते तसेच उभे राहिले, कोणी खरोखर उतरून बाहेर यायला लागतो तेवढा वेळ. मग टोपी घातली, डब्याला खालून हात लावून तो अजून ऊन आहे का ते पाहिलं, आणि शांताबाईच्या गल्लीकडे भराभर चालू लागले.